दगड की चौकट

सकाळी नऊच्या सुमारास, कचेरी उघडायच्या आधी, नगरपालिकेच्या जुन्या इमारतीतल्या जन्म-मृत्यू नोंदणीच्या खोलीत भेगेवर बसवलेली काचेची पट्टी शाबूत आढळली. सगळा घोळ तिथून सुरू झाला.

खरं तर पट्टी शाबूत असणं ही चांगली बातमी. चार महिन्यांपूर्वी इमारत तपासायला नेमलेल्या इंजिनीअर ताईनं इमारतीतल्या तीन भेगांवर अशा तीन पट्ट्या स्वतःच्या हातानं बसवल्या होत्या. एक इथे, घड्याळाच्या मनोऱ्याच्या पायथ्याशी. एक जिन्याच्या भिंतीवर आणि एक वरच्या सभागृहात. पद्धत जुनी आणि साधी. भेगेवर आडवी, नखाएवढी पातळ काच धरायची, दोन्ही टोकांना प्लास्टरचा गोळा लावायचा आणि वाट बघायची. भिंत हलली तर काच तुटते. काच तुटली नाही तर भेग कितीही भयंकर दिसो, ती जुनी, निजलेली भेग. ती सांधता येते आणि इमारत वाचते. ताईच्या ऑफिसातला सहकारी अधूनमधून येऊन फोटो काढून पाठवत होता आणि प्रत्येक फोटोत तिन्ही काचा धड होत्या. त्या भरवशावर अहवाल छापला गेला होता: इमारत दुरुस्त करण्याजोगी आहे, पाडण्याची गरज नाही. दुपारी चारला समितीची बैठक होती. तिथे सही केली की ताई मोकळी.

ती नुसतं एकदा डोळ्यांखालून घालायला आली होती. निघणार तेवढ्यात खिडकीतलं ऊन पट्टीच्या कडेवर पडलं आणि कड हिरवी दिसली.

पातळ काचेची कड अशी हिरवी दिसत नाही. जाड काचेची दिसते. हे ताईला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं, ती काचवाल्याच्या घरात वाढली होती. तिनं स्टूल ओढलं, वर चढली आणि कडेवरून बोट फिरवलं. कड घासून गुळगुळीत केलेली. मग तिनं टोकांचं प्लास्टर पाहिलं. तिनं गोळे लावले होते, ओबडधोबड, कामापुरते. आता तिथे उतार होता, अंगठ्याच्या एकाच फराट्यानं काढलेला, शेवटी किंचित डावीकडे वळलेला. तो अंगठा ती हजारात ओळखू शकली असती. लहानपणी खिडकीच्या काचेभोवती लांबीचा लगदा भरताना त्याच अंगठ्यानं तिचा अंगठा धरून तो फराटा गिरवून घेतला होता.

तेवढ्यात आत्या धापा टाकत आली. ताईच्या वडिलांची, अण्णांची, ही धाकटी बहीण याच खोलीत, याच भेगेखालच्या टेबलावर बसून गावभरच्या जन्ममरणाच्या नोंदी करायची, आणि नवीन इमारत झालीच पाहिजे या मताची होती.

"स्टुलावरून उतर, पडशील," आत्या पर्स टेबलावर टाकत म्हणाली. "बाथरूम वर आणि मी खाली. ज्यानं ही इमारत बांधली त्याला बायका कचेरीत येतील असं स्वप्नातही वाटलं नसणार. केलीस का सही?"

"आत्या, ही काच कुणी बदलली?"

"कुठली? ती होय. दादानं."

"अण्णांनी? कधी?"

"झाले की दोनेक महिने. पंखा दुरुस्तीला गेला होता तेव्हा." आत्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. "का गं? तुला म्हणाला नाही?"

"का बदलली?"

"का म्हणजे? फुटली होती म्हणून. फुटकी काच तुझा बाप ठेवेल होय?"

ताई खाली उतरून खुर्चीत बसली. खुर्ची बरोबर भेगेखाली आहे हे ध्यानात आल्यावर परत उठली.

"मला वाटलं तुमचं बोलणं झालं असेल," आत्या आता जरा सावध झाली होती. "रोज फोन असतो ना तुमचा?"

"रोज अण्णा विचारतात जेवलीस का आणि मी विचारते गोळी घेतली का. यात काच कुठून येणार?"

*

दुकान इमारतीच्या मागच्या गल्लीत होतं, चालत गेलं तर छत्री उघडायच्या आत यावं इतकं जवळ. आत भिंतीला टेकवून काचांचे तक्ते उभे, मधे मधे वर्तमानपत्राचे कागद. मधोमध ते मोठं टेबल, त्यावर जाड कांबळं अंथरलेलं, आणि कांबळ्यावर ओणवे झालेले अण्णा.

पालिकेच्या इमारतीतल्या काचा या घराकडे आल्या त्या आजोबांच्या काळात. मुख्य दारावरच्या कमानीतल्या रंगीत काचा त्यांनी बसवल्या आणि तेव्हाच तोंडी ठरलं: या इमारतीत कुठंही काच फुटली तर काचवाल्यानं बदलायची. हुकमाची वाट बघायची नाही, कुणाला विचारायचं नाही. आजोबा गेले, तेव्हाचे साहेब गेले, त्यांच्यानंतरचेही गेले. ठरलेलं अण्णांनी पाळलं. फुटकी काच काढून ते कागदात गुंडाळून घरी आणायचे, अंगणात मांडायचे आणि ताईला आणि तिच्या भावाला, धाकट्याला, समोर बसवून विचारायचे, "बोला, दगड की चौकट?" तडे मधून निघाले असतील तर दगड, चेंडू, कुणाचं तरी कोपर. तडा कडेतून निघाला असेल तर चौकट वाकली आहे, लाकूड फुगलं आहे, काचेला कुणी मारलेलं नाही, ती दाबून फुटली आहे. धाकटा नेहमी दगड म्हणायचा, कारण दगडात मजा होती. ताई आधी गुडघ्यांवर वाकून कडा बघायची.

"अण्णा," ताई दारातूनच म्हणाली, "पालिकेतल्या माझ्या पट्ट्या तुम्ही बदलल्यात?"

"बदलल्या." अण्णा मान वर न करता काच कापायची हिरकणी चालवत होते. कर्र करत काचेवर पांढरी रेघ उमटली. "आता विषय काढलास म्हणून सांगतो, रागावू नकोस. कुणी दिल्या गं तुला असल्या काचा? फोटोच्या फ्रेमलासुद्धा चालायच्या नाहीत. तुझं काम त्या इमारतीत, सगळं गाव बघणार, आणि काच कशी, तर हात लावला की मोडणारी!"

"मोडण्यासाठीच लावल्या होत्या, अण्णा."

हिरकणी थांबली.

"मोडण्यासाठी कुणी काच लावतं?"

ताईनं सांगितलं. हाताच्या दोन तळव्यांची भिंत केली, मधे भेग दाखवली, भेगेवर पट्टी दाखवली. अण्णांना समजायला वेळ लागला नाही, पण समजलेलं पटायला लागला. ते टेबलाच्या कडेला टेकून उभे राहिले.

"म्हणजे भिंत हलली असेल तर..."

"तर माझी काच तुटली असती. तुमची तुटणार नाही. ती तिप्पट जाड आहे, कडा घासलेल्या आहेत. फार तर प्लास्टरमधून सुटेल."

"नाही सुटणार," अण्णा म्हणाले. "मी लावलंय." हे म्हणताना त्यांचा चेहरा कसा झाला ते ताईला उमगेना. निम्मा अभिमान होता, निम्मी धास्ती.

"तिन्ही फुटल्या होत्या?"

"छे. एक."

"मग तिन्ही का बदलल्यात?"

"एक चांगली आणि दोन भिकार, बरं दिसतं का ते?"

ताईला हसावं की डोकं आपटून घ्यावं ते कळेना. तिनं फोनमधले फोटो काढले, एकामागून एक सरकवले. सगळे समोरून काढलेले, कड एकातही दिसत नव्हती. मधल्या एका तारखेपासून तिन्ही ठिकाणी प्लास्टरचा आकार मात्र बदललेला होता, तिन्ही ठिकाणी एकदमच. म्हणजे फोटोंचा उपयोग नव्हता.

"अण्णा, एकच सांगा. फुटलेली होती ती कुठली?"

अण्णांनी डोळे बारीक केले. "सभागृहातली," ते म्हणाले. आणि मग, "बहुतेक."

*

आत्यानं कचेरीतूनच धाकट्याला फोन लावला होता. जेवणाच्या सुट्टीत ती दुकानात आली तेव्हा तोही आला. डोक्यावरचं पिवळं हेल्मेट हातात घेऊन उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहिला. दुकान सोडून तो बिल्डरकडे साइट सुपरवायझर झाला, आणि त्याच बिल्डरनं पालिकेसमोर नवीन इमारतीचा नकाशा ठेवला, त्याला वर्ष होत आलं. त्यावरून झालेल्या भांडणात ताई त्याला जे बोलली होती ते घरात कुणी पुन्हा उच्चारलं नव्हतं. तेव्हापासून बहीणभावात शब्द नव्हता.

"आत ये की," आत्या म्हणाली. "दुकान काय तिच्या नावावर आहे?"

"बरा आहे इथेच."

"तुला माहीत होतं?" ताईनं थेट विचारलं. वर्षभरातलं हे पहिलं वाक्य.

"मीच तर अण्णांना फोन केला. आमची माणसं मापं घ्यायला गेली होती तिथे, तेव्हा बघितली. म्हटलं, सांगा तुमच्या लेकीला, काच फुटली."

"मला का नाही सांगितलंस?"

"उचलला असतास फोन?"

ताईनं हातातला फोन टेबलावर ठेवला.

"मला वाटलं अण्णा सांगतील," धाकटा म्हणाला.

"मला वाटलं दादा सांगेल," आत्या म्हणाली.

"सांगायचं काय त्यात?" अण्णा म्हणाले. "फुटली होती, बदलली. लेकीला कशाला घोर लावायचा?"

गेले दोन महिने ही गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती, आणि जिला ठाऊक असायला हवी होती तिला सांगणं प्रत्येकानं दुसऱ्यावर सोपवून टाकलं होतं.

"ठीक आहे," ताई म्हणाली. "तू कुठली फुटलेली बघितलीस?"

"जिन्यातली."

"जिन्यातली?" आत्या उसळली. "माझ्या डोक्यावरची होती! मी रोज खाली बसते, मला कळणार नाही? दोन तुकडे, एक खाली लोंबत होता. शिपायाला म्हटलं, बाबा, हा माझ्या चहात पडायच्या आधी काढ."

"सभागृहातली," अण्णा पुटपुटले. "शिडी लावल्याचं आठवतंय मला."

"शिडी तू तिन्हीकडे लावली असशील, दादा. तिन्ही बदलल्यास ना?"

"हां. तेही खरं."

ताईनं टेबलावरच्या कांबळ्यावर बोटानं इमारत काढली, एक चौकोन आणि त्याच्या कोपऱ्यात मनोरा. "नीट ऐका. जिन्यातली असेल तर काही नाही. शेजारी तो लाकडी दरवाजा आहे, दिवसभर आपटतो, त्यानं फुटली असेल. सभागृहातली असेल तर छप्पर तापतं, निवतं, थोडं हलणारच, त्याला उपाय आहे. पण आत्याच्या खोलीतली असेल तर मनोऱ्याचा पाया खचतोय. मग माझा अहवाल खोटा, आणि ती खोली आज संध्याकाळच्या आत रिकामी करायची. मनोऱ्याच्या आसपास कुणी फिरकायचं नाही. म्हणून विचारते. कुठली?"

"जिन्यातली," धाकटा पुन्हा म्हणाला.

"खोलीतली," आत्या म्हणाली.

अण्णांनी कांबळ्यावर हात टेकला.

"आत्या, तुला नवी इमारत हवी आहे."

"हवी आहे! बाथरूम हवं आहे, लिफ्ट हवी आहे. म्हणून मी डोळ्यांनी बघितलेलं खोटं होतं का? बरं, त्याला विचार ना. त्यालाही नवीच हवी आहे."

ताई धाकट्याकडे वळली. गोंधळात टाकणारी गोष्ट हीच होती. आत्याचं म्हणणं खरं ठरलं तर फायदा त्याच्या बिल्डरचा. त्यानं खोलीतली म्हणायला हवं होतं. तो जिन्यातली म्हणत होता, आणि म्हणताना ताईकडे बघत नव्हता. कांबळ्यावर टेकलेल्या अण्णांच्या हाताकडे बघत होता.

"खरं सांगतोयस का अण्णांना वाचवतोयस?"

"कमाल आहे तुझी. तुझ्या बाजूचं बोललो तरी खोटा, तिच्या बाजूचं बोललो असतो तरी खोटाच."

"तुकडे कुठे आहेत, अण्णा? फुटलेल्या पट्टीचे?"

"भंगारात गेले. तेव्हाच."

"दगड की चौकट?" धाकटा अचानक म्हणाला. त्याला विनोद करायचा होता की तो खरंच विचारत होता, कुणास ठाऊक. हसली फक्त आत्या, आणि तीही अर्ध्यावर थांबली.

मग धाकटा शेवटी आत आला. हेल्मेट स्टुलावर ठेवून त्यानं आवाज खाली आणला. "ताई, माझं ऐक. आज सही करून टाक. नंतर गुपचूप नव्या पट्ट्या लाव, काय निघेल ते बघ, आणि काही निघालं तर तेव्हा सांग. आज तिथे सगळ्यांसमोर अण्णांचं नाव घेऊ नकोस. लोक काय म्हणतील माहितेय? काचवाल्याला काच कळली नाही."

"आणि तोवर मी कुठे बसू?" आत्या म्हणाली. "तुझ्या हेल्मेटमध्ये?"

"अगं आत्या, एवढी वर्षं बसलीस..."

"एवढी वर्षं मला माहीत नव्हतं!" आत्यानं पदर खोचला. "ताई, सांगून टाक. सरळ सांग. फक्त दादाचं नाव घेऊ नकोस. शिपायानं बदलली म्हण."

"शिपायानं?"

"तो निवृत्त झालाय. त्याचं काय जातंय?"

"त्याची अब्रू जाते," अण्णा म्हणाले. सगळे वळले. "मी येतो बैठकीला. मी सांगतो की माझी शिडी लागली आणि पातळ काच फुटली. म्हणजे इमारतीवरही बालंट नको आणि तुझ्यावरही नको."

"लागली होती का शिडी?"

अण्णांनी खूप विचार केला. ते खोटं रचत नव्हते, खरोखर आठवत होते, आणि ते बघणंच ताईला जास्त जड गेलं. "असेल गं," ते अखेर म्हणाले. "लागली असेल. सकाळपासून तुम्ही सगळे विचारताय, आता मला सगळंच झाल्यासारखं वाटतंय."

सकाळी या घरात कोण कुठल्या बाजूला आहे हे ताईला पाठ होतं. अण्णा आणि ती जुन्या इमारतीच्या बाजूनं, आत्या आणि धाकटा नव्याच्या. जेवणाच्या सुट्टीत ती सगळी फळी मोडली. पाडायला निघालेला भाऊ इमारत वाचवायला सांगत होता, वाचवायला आलेली ती स्वतः अहवाल मागे घ्यायच्या विचारात होती, आत्या खरं बोल म्हणत होती पण अर्धंच, आणि अण्णा कुणाच्याच बाजूला नव्हते. ते काचेवर ओढून ठेवलेल्या त्या रेघेकडे बघत होते. रेघ ओढल्यावर काच लगेच मोडायची असते, नाहीतर ती भलतीकडेच जाते, हे त्यांनीच शिकवलेलं. आज ती तशीच पडून होती.

*

बैठक सभागृहात झाली. मुख्याधिकारी मधे, समितीचे सभासद दोन्ही बाजूंना. शेवटच्या रांगेत बिल्डरची माणसं होती, त्यांत धाकटा. तिसरी पट्टी व्यासपीठामागच्या भिंतीवर होती, आणि ताईला बोलताना ती सारखी दिसत होती.

"अहवालावर मी आज सही करू शकत नाही," ती म्हणाली. "निरीक्षणं ग्राह्य धरता येणार नाहीत. पट्ट्या मधेच बदलल्या गेल्या आहेत."

मुख्याधिकाऱ्यांनी चष्मा काढला. "मॅडम, मला एकच सांगा. इमारत पडणार आहे की नाही?"

"सांगता येत नाही."

"चार महिन्यांनंतर?"

"चार महिन्यांपूर्वी जेवढं माहीत होतं तेवढंच आज माहीत आहे. एक पट्टी फुटली होती. कुठली, ते नक्की कळत नाही. खोलीतली असण्याची शक्यता मी सोडून देऊ शकत नाही, म्हणून नोंदणीची खोली आजच रिकामी करा."

"बदलल्या कुणी?"

ताईनं पाण्याच्या ग्लासाकडे हात नेला आणि घेतला नाही. शेवटच्या रांगेत धाकटा बुटांकडे बघत बसला होता. शिपाई हा शब्द तिच्या जिभेवर आला होता, हे तिनं पुढे कुणाला सांगितलं नाही.

"माझ्या वडिलांनी," ती म्हणाली. "इमारतीच्या काचा तेच बघतात. फुटलेली दिसली म्हणून त्यांनी बदलली."

कुणीतरी हसलं. मग सगळ्यांत वयस्कर सभासद, ज्यांना एरवी बैठकीत डुलकी लागायची, ते म्हणाले, "बदलणारच ते. इतकी वर्षं येतोय मी इथे, फुटकी काच म्हणून पाहिली नाही." त्यांना कौतुकच करायचं होतं. इतिवृत्तात मात्र ते तक्रारीसारखं लिहिलं गेलं.

ठरलं ते असं. दुरुस्ती की नवं बांधकाम, हा निर्णय पुढे ढकलला. ताईनं नव्या पट्ट्या बसवायच्या, पण पडताळणीला बाहेरचा एक इंजिनीअर राहील. नोंदणी आवारातल्या पत्र्याच्या खोलीत हलवायची. मनोऱ्याखालच्या खोलीला कुलूप, किल्ली मुख्याधिकाऱ्यांकडे. आणि निर्णय होईपर्यंत काचवाल्यांनी इमारतीत पाऊल ठेवायचं नाही.

हे शेवटचं अण्णांना ताईनंच सांगितलं. "बरं," ते म्हणाले. "आणि काच फुटली तर?"

"फुटू द्या."

"बदलणार कोण?"

"कुणी नाही, अण्णा. आता कुणीच नाही बदलायची."

नव्या पट्ट्या तिनं दुसऱ्या दिवशी दुकानातच कापल्या, अण्णांच्या हिरकणीनं. पातळ काच, कडा तशाच धारदार. अण्णा शेजारी उभे होते, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून, मदत होऊ नये म्हणून. एकदा तिची रेघ वाकडी गेली तेव्हा त्यांच्या तोंडून "अं" निघालं. तेवढंच. निघताना धाकट्यानं तिची बॅग स्टँडपर्यंत आणली, आणि वाटेत दोघंही हवेबद्दल बोलले.

*

शनिवारी दुपारी ताईचा फोन वाजला. ती तिच्या शहरात, तिच्या घरी होती. आत्याचा आवाज होता, दुकानातून.

"अगं, पट्टी आहे तशीच आहे म्हणतात. काल तो बाहेरचा इंजिनीअर येऊन बघून गेला."

"मग?"

"पण खिडकी तडकली आहे. माझ्या खोलीची. भेगेशेजारची."

ताई उभी राहिली. "खिडकीची काच? कधी?"

"काय माहीत. आज कचेरी सुटल्यावर आवारातून जाताना दिसली. काल नव्हती. म्हणजे, काल मी बघितलंच नाही. परवा कपाटं बाहेर काढली ना हमालांनी, तेव्हा लागलं असेल एखादं."

"परवा कपाटं काढली आणि आज दिसतंय?"

"तेच तर म्हणतेय मी. का पोरं चेंडू खेळतात त्यांचा लागला? आवाज तर कुणी ऐकला नाही."

"आत्या, तडा कुठून निघालाय? मधून की कडेतून?"

"दादानंही तेच विचारलं. दिसत नाही गं. वरून खाली एक बारीक रेघ येते, आणि पुढे ती पाटी आड येते."

"कुठली पाटी?"

"अगं तीच, 'नोंदणी कक्ष हलवला आहे'. गजांना तारेनं बांधली आहे, खालची अर्धी काच झाकली आहे तिनं."

"सरकवायची ना!"

"सरकारी पाटी मी कशी सरकवू? शिवाय पहारेकरी म्हणाला, काचवाल्यांच्या घरातल्या कुणीही हात लावायचा नाही, साहेबांनी सांगितलंय. मी नोकरदार बाई, आता मीही काचवाली झाले."

"साहेबांना फोन केलास?"

"बंद आहे. बाहेरगावी गेलेत, सोमवारी येतील. धाकटा गेलाय पहारेकऱ्याशी बोलायला. बोलतोय की भांडतोय, इथून कळत नाही."

ताई पुढचं विचारणार होती, पण आत्याच्या आवाजामागून तिला ओळखीचा आवाज आला. कर्र, एका दमात, कुठेही न अडखळता. मग क्षणभर शांतता, आणि टेबलाच्या कडेवर काच सरळ मोडल्याचा टक्.

"आत्या, अण्णा काय करताहेत?"

आत्याचा आवाज एकदम जवळून आला.

"त्या खिडकीचं माप त्याला तोंडपाठ आहे," ती म्हणाली. "कापून ठेवतो म्हणाला. नुसती ठेवतो."

"त्यांना फोन दे."

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. मग कागदाची सळसळ ऐकू आली, काच गुंडाळताना होते तशी. फोनवर कुणी आलं नाही.